इमारतीत डेंग्यूचा पहिला रुग्ण सापडल्यावर सोसायटीने काय करायचं

मुंबईत डेंग्यूचा रुग्ण सापडला की सोसायटीच्या ग्रुपवर पहिली मागणी येते ती धुराची. धूर दिसतो, वास येतो, महापालिकेने काहीतरी केलं असं वाटतं. पण धूरफवारणीने मरतात ते त्या घटकेला उडत असलेले डास. कुंडीखालच्या ताटलीतल्या अळ्यांना त्याने काहीच होत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यातून नवे डास निघतात. धूर मागायला हरकत नाही, मात्र त्याच्या भरवशावर बसलात तर हातातला वेळ निघून जातो.

तो वेळ साधारण दोन आठवड्यांचा असतो. रुग्णाच्या रक्तात विषाणू ताप चढायच्या एक-दोन दिवस आधीपासून तापाच्या पाचव्या दिवसापर्यंत असतो. या दिवसांत त्याला चावलेला डास लगेच रोग पसरवत नाही. विषाणू डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला ८ ते १२ दिवस लागतात. त्यानंतर तो ज्याला चावेल त्याला ४ ते १० दिवसांनी ताप येतो. म्हणजे दुसरी फेरी सुरू व्हायच्या आत इमारत कोरडी करायला वेळ मिळतो. डेंग्यूचा एडिस डास फार लांब उडतही नाही, शंभर-दोनशे मीटरच्या आतबाहेर फिरतो. त्यामुळे त्याचं घर शोधायला नाल्यावर जाऊ नका. तो नाल्यात वाढत नाही, तुमच्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

पहिल्याच दिवशी कळवा, पत्त्यासकट

वॉर्ड ऑफिसात या कामाची दोन खाती आहेत. आरोग्य खातं रुग्ण, घरोघरची तापाची पाहणी आणि रक्ततपासणी बघतं. कीटकनाशक खातं डास आणि उंदीर बघतं. दोघांनाही कळवा. नंबर हाताशी नसेल तर १९१६ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

खासगी डॉक्टर आणि लॅबनी डेंग्यू-मलेरियाचे रुग्ण महापालिकेला कळवायचे असतात. घोळ होतो तो पत्त्यात. आधार कार्डावर गावचा किंवा जुन्या खोलीचा पत्ता असतो, लॅबच्या फॉर्मवर तोच जातो आणि कीटकनाशक खात्याचा माणूस भलत्याच दारात उभा राहतो. म्हणून सेक्रेटरीने रुग्णाच्या घरच्यांना विचारून, त्यांच्या संमतीने एवढं लिहून द्यावं: इमारत, विंग, मजला, खोली क्रमांक, ताप कधी सुरू झाला, कोणती चाचणी केली, गेले दोन आठवडे रात्री कुठे झोपले, दिवसा कुठे असतात. शेवटचा मुद्दा हमखास राहून जातो. एडिस दिवसा चावतो, त्यामुळे डास शाळेतला, दुकानातला किंवा बांधकामावरचाही असू शकतो. तसं असेल तर तिथेही पाहणी व्हायला हवी.

चाचणीची तारीखही महत्त्वाची. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ चाचणी उपयोगी पडते, ती रक्तातला विषाणूचा अंश शोधते. त्यानंतर आयजीएम, ती शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. दुसऱ्याच दिवशी आयजीएम करून ‘निगेटिव्ह आली, डेंग्यू नाही’ असं समजू नका.

रुग्णाच्या घरात

ताप सुरू झाल्यापासून पाच दिवस रुग्णाने मच्छरदाणीत राहायचं, दिवसासुद्धा. इमारतीतल्या डासांना विषाणू मिळू न देण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. तापाला डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला की घरचे निश्चिंत होतात, पण धोक्याचे एक-दोन दिवस नेमके तेव्हाच सुरू होतात. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणं, गुंगी, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर प्लेटलेटच्या रिपोर्टची वाट न बघता रुग्णालय गाठा.

पाणी शोधणं

टॉर्च, पांढरी वाटी आणि शिडी घेऊन दोघांनी गच्चीपासून खाली यायचं. अळ्या पृष्ठभागाजवळ असतात आणि हलवलं की वळवळत खाली जातात. म्हणून आधी न हलवता टॉर्च तिरपा धरून बघा, मग वाटीत पाणी घ्या.

गच्चीवर टाकीचं झाकण घट्ट बसतं का ते बघा. झाकणाची कड वाकलेली असली तर डासाला तेवढी फट पुरते. ओव्हरफ्लो पाइप आणि हवेच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी हवी. ती गंजून फाटते आणि खालून कुणाला दिसत नाही. टाकीवर चढायला पक्की शिडी नसेल तर आधी ती करून घ्या, कारण शिडी नसलेली टाकी कुणीच तपासत नाही. बंद पडलेली जुनी टाकी उलटी करा किंवा भोक पाडा. पावसाळ्यासाठी घातलेल्या ताडपत्रीच्या घड्यांत आणि शेडच्या खोलगट पत्र्यात जेवढं पाणी राहतं तेवढं पुरेसं असतं.

खाली आल्यावर लिफ्टचा खड्डा, पंपाची खोली, वॉचमनच्या केबिनवरचं छप्पर, टायर, फुटकी बादली, नारळाच्या करवंट्या बघा. घरांमध्ये फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, लकी बांबूचं भांडं आणि एसीचं पाणी धरायला ठेवलेला डबा. बंद फ्लॅट मात्र सगळ्यात अवघड. मालक परदेशी किंवा गावी, आत बाल्कनीत कुंड्या आणि बादल्या. मालकांना फोन करून किल्ली कुणाकडे आहे ते विचारा आणि कीटकनाशक खात्याचा माणूस यायच्या दिवशी कमिटीतला एकजण सोबत ठेवा.

चाळीत पिंप रिकामं ठेवा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. पाणी दोन-तीन तास येतं, साठवावंच लागतं. मग पिंपाला घट्ट झाकण, नसेल तर दुहेरी कापड कडेने दोरीने बांधा आणि आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं करा. अंड्याचा डास व्हायला मुंबईच्या पावसाळ्यात आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा ही मर्यादा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिस पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती सुकून महिनोन् महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून काथ्याने किंवा ब्रशने कडा घासायच्या आणि पिंप उन्हात वाळवायचं. मजल्यागणिक वार ठरवून द्या, नाहीतर कुणाचं तरी राहतं.

विहीर किंवा शोभेचा हौद असेल तर कीटकनाशक खात्याकडे गप्पी मासे मागा. इमारतीत डासांची पैदास सापडली तर १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाखाली नोटीस येते आणि मुदतीत काम केलं नाही तर खटला होतो. नोटीस आली म्हणून वाद घालत बसू नका. तिच्यात जागा नेमकी लिहिलेली असते, प्लंबरला तीच दाखवा.

एक सूचना जीव वाचवणारी आहे. जमिनीखालची टाकी साफ करताना माणूस थेट आत उतरवू नका. तिथे प्राणवायू कमी असू शकतो. २०२५ च्या मार्चमध्ये नागपाड्यात अशाच टाकीत उतरलेले कामगार गुदमरून मेले. सर्व झाकणं काही तास उघडी ठेवून आत हवा खेळवा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि वर माणूस हजर ठेवा. आतला कोसळला तर वाचवायला दुसऱ्याने मागोमाग उडी घेऊ नये. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.

ताप मलेरियाचा निघाला तर

जागा बदलते. शहरातला मलेरियाचा डास, ॲनोफिलिस स्टीफन्साय, विहिरी, टाक्या आणि बांधकामावरच्या साठवणीत वाढतो आणि रात्री चावतो. १९११ मध्ये मलेरियाचे अभ्यासक डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियावर जो अहवाल दिला त्यातही बोट विहिरींकडेच होतं. त्यामुळे शेजारी बांधकाम चालू असेल तर तिथला पत्ताही तक्रारीत घाला.

ताप आल्यावर गोळ्या सुरू करण्याआधी महापालिकेच्या दवाखान्यात रक्ताची काचपट्टी द्या, ती मोफत तपासतात. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाचे जंतू यकृतात दडून राहतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं. चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि गोळ्या कपाटात राहतात. काही आठवड्यांनी ताप परततो आणि इमारतीला नवा मलेरिया आल्यासारखं वाटतं. गरोदर बाईला हे औषध देत नाहीत आणि जी-६-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असलेल्याला धोका असतो, त्यामुळे दवाखान्यात हे आधीच सांगा.

पाणी तुंबलं असेल तर

गुडघाभर पाण्यातून चालत घरी आलेल्यांसाठी प्रश्न लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा असतो. उंदीर, कुत्रे, गुरं यांच्या मूत्रातले जंतू त्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. घरी आल्याबरोबर साबणाने पाय धुवा आणि ७२ तासांच्या आत दवाखान्यात जा. महापालिकेच्या सूचनांनुसार जखम नसलेल्या, एकदाच पाण्यातून गेलेल्या प्रौढाला डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम एकदाच देतात. जखम असेल तर तीच मात्रा रोज एक, तीन दिवस. वारंवार पाण्यात उतरावं लागणाऱ्यांना आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. गरोदर स्त्रिया आणि ८ वर्षांखालील मुलांना हे औषध चालत नाही, त्यांना डॉक्टर ॲझिथ्रोमायसिन देतात. गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, रिकाम्या पोटी मळमळते. मेडिकलमधून परस्पर आणून सगळ्या मजल्यांना वाटू नका, जखम कुणाला आहे ते डॉक्टरांनी बघायला हवं.

उंदरांच्या बिळांची तक्रार कीटकनाशक खात्याकडे करा. बिळात टाकायच्या गोळ्या बाजारातून आणून स्वतः वापरू नका, त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत माणसांनाही मारतो. आणि गोळी घेऊनही पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत जोराचं दुखणं, लाल डोळे किंवा कावीळ दिसली तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याची तारीख आधी सांगा. ती सांगितली नाही तर तपासणी डेंग्यू-मलेरियावरच थांबते.