जो वाजवत नाही, त्याच्याकडे बघा

लग्नाच्या हॉलमध्ये सहा वर्षं काढली की एक खोड लागते. कॅमेरा डोळ्याला लागला की तोंडातून आपोआप 'इकडे बघा' निघतं आणि बोट फ्लॅशच्या बटणावर जातं. दोन्ही खोडी घेऊनच मी पहिल्यांदा जॅझचे फोटो काढायला गेले. ओळखीचा एक साउंडवाला दक्षिण मुंबईतल्या एका छोट्या क्लबमध्ये काम करायचा. तो म्हणाला, ये, मालकांना विचारून ठेवलंय. पहिल्याच गाण्यात मी छताकडे फ्लॅश वळवून मारला. सॅक्सोफोनवाल्याने डोळे घट्ट मिटले, उघडले आणि वाजवत राहिला. गाणं संपल्यावर ड्रमरने माझ्याकडे बघून नुसती तर्जनी हलवली. तेव्हा पिशवीत गेलेला फ्लॅश जॅझच्या कार्यक्रमात पुन्हा कधी बाहेर आला नाही.

दुसरी फजिती त्याच रात्रीची. डबल बासचा, म्हणजे उभं धरून वाजवायच्या मोठ्या तंतुवाद्याचा, सोलो (एकट्याचं वादन) सुरू झाला. पियानो थांबला, ड्रम्स जवळजवळ गप्प, लोकांनी ग्लास खाली ठेवले. मला वाटलं, वा, आता सगळा उजेड याच्यावर आहे, घेऊन टाकू. माझा जुना डीएसएलआर, त्याचा आरसा प्रत्येक फोटोला खटॅक करून वर जायचा. खटॅक, खटॅक, खटॅक. तिसऱ्या की चौथ्या खटॅकनंतर ड्रमरने काडीने ड्रमच्या कडेवर तोच आवाज त्याच अंतराने वाजवून दाखवला. सगळा क्लब हसला, बासवालाही हसला आणि वाजवता वाजवता त्याने तो ठेका आपल्या सोलोत घेऊन टाकला. मी टेबलाखाली जायचीच बाकी होते. पण या संगीताबद्दलची पहिली खरी गोष्ट मला त्या रात्री कळली. मंचावरचे लोक सगळं ऐकत असतात. एकमेकांना तर ऐकतातच, पण ग्लासचा आवाज, खुर्ची सरकवणारा, कॅमेरा, काही सुटत नाही. आणि त्यांचं हे ऐकणं फोटोत येऊ शकतं.

नवीन माणूस सोलो वाजवणाऱ्यावर कॅमेरा रोखून बसतो. मीही बसायचे. घरी येऊन बघावं तर सत्तर फोटो एकाच माणसाचे, फुगलेले गाल, मिटलेले डोळे, आणि सत्तर वेळा तेच. हळूहळू लक्षात आलं की फोटो बऱ्याचदा शेजारी घडत असतो. ट्रम्पेटवाला वाजवत असताना पियानोवाली त्याच्या पाठीकडे बघत पुढचा सूर कुठला येईल याचा अंदाज बांधत असते. सॅक्सवाला वाद्य गळ्यात तसंच लटकत ठेवून, मान खाली घालून, ड्रमरला ऐकत असतो. गायिका माइकपासून दोन पावलं मागे सरकलेली असते, चेहऱ्यावरचा 'कार्यक्रमाचा' भाव गळून पडलेला असतो. कोणीतरी अनपेक्षित जागा घेतो आणि बाकीच्या तिघांच्या भुवया एकदम वर जातात. तो क्षण मिळाला की सोलोवाला चौकटीत पाठमोरा असला तरी चालतो.

पण तो क्षण कधी येणार हे कळायला गाण्याची बांधणी कळायला हवी. ती मला वडिलांनी समजावली, त्यांना स्वतःला न कळता. वडील डोंबिवलीत भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांना एकदा सोबत घेऊन गेले. पहिली दहा मिनिटं ते अस्वस्थ होते. 'यांची सम कुठे आहे गं?' मग टेबलावर बोटं मोजत बसले. दुसरं गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा कानाशी येऊन म्हणाले, 'अगं, हे आवर्तनच आहे. फिरून तिथेच येतायत.' अगदी बरोबर. जॅझमधल्या पुष्कळ जुन्या गाण्यांचं आवर्तन 32 बारचं असतं, एका बारात चार मात्रा. आठ बारांची एक ओळ, तीच पुन्हा, मग आठ बार वेगळी चाल, मग परत पहिली. ब्लूज असेल तर सगळा फेरा 12 बारांत आटोपतो. अशा एका फेऱ्याला ते कोरस म्हणतात. सुरुवातीला सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, तिला हेड म्हणायचं. मग त्याच फेऱ्यावर एकेकाचे सोलो, आणि शेवटी पुन्हा हेड.

याचा फोटोवालीला उपयोग सांगते. मिनिटाला 160 मात्रांची लय असेल तर 32 बारचा एक फेरा 48 सेकंदांत संपतो. सोलो एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो शक्यतो फेऱ्याच्या शेवटी. म्हणजे शेवटचे आठ बार सुरू झाले की तुम्हाला बारा सेकंद मिळतात. तेवढ्यात उठायचं, वाकून दोन टेबलं पलीकडे जायचं आणि ज्याला सोलो मिळणार आहे त्याच्यासमोर नाही, तर ज्याच्याकडून तो जाणार आहे आणि ज्याला मिळणार आहे ते दोघं एका चौकटीत बसतील अशा जागी उभं राहायचं. तिथे बहुतेक वेळा नजरेची एक देवघेव होते, मान हलते, कधी हसू येतं. सगळ्यात हमखास जागा म्हणजे ट्रेडिंग फोर्स. शेवटच्या हेडच्या आधी बरेचदा चार बार सॅक्स, चार बार ड्रम्स, चार बार पियानो, चार बार ड्रम्स अशी सवाल-जवाबासारखी देवाणघेवाण चालते. दोन्हीकडचे चेहरे एकमेकांकडे वळलेले असतात, ड्रम्सचा आवाजही मोठा असतो. तुमचा शटर कितीही खटॅक करो, कोणाला ऐकू येत नाही. जुना कॅमेरा असेल तर गोळ्या तिथे झाडा. बास सोलोत हात मांडीवर.

आता उजेडाचं बोलू, कारण नव्या मंडळींचे मेसेज त्याबद्दलच येतात. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा. मागचा काळा पडदा बघून कॅमेऱ्याचं मीटर फसतं, त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो चेहरा जाळून टाकतो. मी साधारण एफ 2 (लेन्सचं छिद्र), 1/160 सेकंद (शटर उघडा राहतो तो वेळ) आणि आयएसओ 3200 (उजेडाची संवेदनशीलता) पासून सुरुवात करते, लागलं तर 6400 वर जाते. दाणेदार फोटोला कोणी नावं ठेवत नाही, हललेल्या चेहऱ्याला ठेवतात. ड्रमरसाठी 1/250 घेतलं तर काड्या हवेत गोठतात आणि तो पुतळ्यासारखा दिसतो, म्हणून मी कधीकधी 1/60 वर उतरते. चेहरा स्थिर असला आणि काड्या पुसट झाल्या तर लय दिसते. काड्यांऐवजी तारांच्या ब्रशने वाजवत असेल तर त्याहूनही खाली उतरून बघा. दहातले नऊ वाया जातील.

पैसे कमी असतील तर 50 मिलीमीटर एफ 1.8 एवढी एकच लेन्स घ्या. क्लबमध्ये तुम्ही मंचापासून सहा-सात फुटांवर असता, तिथे लांब लेन्स अडगळ होते. टाटा थिएटरसारख्या मोठ्या प्रेक्षागृहात गोष्ट वेगळी, तिथे 70-200 मिलीमीटरची लांब लेन्स लागते, ती सुरुवातीला भाड्याने आणावी.

एलईडी दिव्यांनी मला पुष्कळ रडवलंय. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि डोळ्याला ते कळत नाही. 1/100 किंवा 1/50 वर गेलं की बरेचदा पट्टे जातात. पण मंद केलेले एलईडी याहून फार वेगाने लुकलुकतात, आणि मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याचा सायलेंट, म्हणजे बिनआवाजी, शटर लावला की चेहऱ्यावर आडवे पट्टे येतात. म्हणजे आवाज नको म्हणून सायलेंट लावावा तर पट्टे, आणि पट्टे नकोत म्हणून मेकॅनिकल लावावा तर खटॅक. यावर उपाय एकच, साउंड चेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासतात तेव्हा, हजर राहायचं आणि दिवे लावून घेऊन चार फोटो काढून बघायचे. निळ्या दिव्यांचं दुखणं आणखी वेगळं. सेन्सरवरच्या ठिपक्यांपैकी अर्धे हिरवा, पाव लाल आणि पावच निळा उजेड पकडतात. सगळा मंच निळा असेल तर तुमच्या महागड्या कॅमेऱ्याचा पाव भागच कामाला लागलेला असतो. म्हणून रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि असे फोटो सरळ कृष्णधवल करा. जॅझचे फोटो कृष्णधवलच हवेत असं काहीजण डोळे मिटून सांगतात. माझं तसं मत नाही. मी कृष्णधवल करते ते निम्म्या वेळा दिवेवाल्याचं पाप झाकायला.

कुठे उभं राहावं? ग्रँड पियानोचं झाकण प्रेक्षकांकडे उघडतं आणि वादकाची उजवी बाजू आपल्याकडे येते. हात दिसायला हवे असतील तर प्रेक्षकांच्या डाव्या अंगाला जा. गायिकेच्या थेट समोर उभं राहिलात तर माइक तोंड खाऊन टाकतो, जरा तिरकं व्हा आणि ओळ संपताना ती मागे येते तेव्हा घ्या. ड्रमर नेहमी झांजांच्या मागे लपलेला असतो. हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) आणि शेजारची झांज यांच्या मधे एक फट असते, ती साउंड चेकलाच शोधून ठेवा.

जुन्यांचे फोटो बघाच, पण नक्कल करायला नको. हर्मन लेनर्ड या फोटोग्राफरने 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबमध्ये काढलेला सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन सगळ्यांना माहीत असतो, मांडीवर सॅक्स आणि चेहऱ्यासमोर सिगारेटच्या धुराचा ढग. तो धूर आता मिळणार नाही. आपल्याकडे 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. मशीनचा धूर मंचभर सारखा पसरतो, त्यात ती गंमत नाही. मला जास्त शिकवलं ते विल्यम गॉटलीबने. तो मुळात लिहिणारा. वर्तमानपत्र फोटोग्राफरचे पैसे देईना म्हणून त्याने स्वतःच कॅमेरा घेतला. फिल्म आणि फ्लॅशचे बल्ब महाग, त्यामुळे एका रात्रीत मोजकेच फोटो काढायचे. त्याचे हे फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत आणि 2010 पासून कोणालाही मोफत वापरायला खुले आहेत. बसून बघा, त्यात वाद्य न वाजवणारी माणसं किती आहेत ते मोजा. आणि मिल्ट हिंटन. हा स्वतः कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये बास वाजवायचा आणि सोबत कॅमेरा बाळगायचा. आगगाडीत झोपलेले, वाट बघणारे, डबा खाणारे वादक त्याच्याकडे आहेत. ते आपल्याला बाहेरून मिळत नाहीत, पण साउंड चेक ते कार्यक्रम या मधल्या दोन तासांत थोडे मिळतात. त्या वेळात चहा पीत बसू नका. किंवा त्यांच्याबरोबर प्या.

हे सगळं परदेशी वाटत असेल तर मुंबईतल्या एखाद्या जुन्या गोवन वादकाशी बोला. 1930च्या दशकातही ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजायचं. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट वाजवायचा. चिक चॉकलेट म्हणून तो प्रसिद्ध झाला, आणि आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत तो बाज आणण्यात त्याचा हात होता. 1978 मध्ये निरंजन झवेरींनी जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू केला, धोबीतलावच्या रंगभवनात उघड्यावर. त्या रात्रींचे किस्से सांगणारी माणसं कार्यक्रमांना अजून भेटतात, बहुतेक पहिल्या टेबलावर. त्यांच्यासमोर उभं राहू नका.

परवानगी क्लबची वेगळी आणि बँडची वेगळी. दोन्ही घ्या, आणि बँडची आधी. रॉक-पॉपमधला 'पहिली तीन गाणी काढा आणि बाहेर पडा' हा नियम इथे लावला तरी घाबरू नका, एकेक गाणं दहा-बारा मिनिटं चालतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पंधरा-वीस फोटो पाठवा, दोनशे नाही. नावं नीट लिहा. मी एकदा एका वादकाचं आडनाव चुकवलं आणि ते तसंच पोस्टरवर छापलं गेलं. त्याने रागावून नाही, कंटाळून सांगितलं की ही चौथी वेळ आहे.

पैशांचं खरं सांगायचं तर पहिलं वर्ष काही मिळालं नाही. मग एका बँडने 1500 रुपये दिले. आजही घर लग्नांवरच चालतं. एक कायद्याची गोष्ट मात्र सुरुवातीलाच माहीत असू द्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही स्वतःहून काढलेला फोटो तुमचा. पण कोणी पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. मला हे माझा फोटो एका होर्डिंगवर बघितल्यावर कळलं. भांडायला गेले तेव्हा हातात काही नव्हतं. आता दोन ओळींचा ई-मेल आधी पाठवते: फोटोचा हक्क माझा, बँडला आणि क्लबला प्रसिद्धीसाठी वापरायची मुभा, जाहिरातीसाठी वेगळे पैसे. उत्तरात 'ओके' आलं की ते जपून ठेवते.

कानात घालायला बोळे ठेवा, झांजेच्या शेजारी दोन तास बसणं थट्टा नाही. काळे कपडे घाला. दुसरा सेट साडेअकराच्या पुढे जातो, तेव्हा शेवटच्या लोकलचं गणित आधी करून ठेवा, नाहीतर मिळालेले पैसे टॅक्सीत जातात. आणि गाडीत कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून फोटो पुसत बसू नका. मी बसायचे. अशीच एकदा कळवा जाईपर्यंत हललेले म्हणून तीसेक फोटो उडवले. घरी येऊन उरलेले मोठ्या स्क्रीनवर लावले, तेव्हा एका फोटोच्या कडेला अर्धा कापलेला पियानोवाला दिसला. हात मांडीवर, तोंड जरासं उघडं, बास ऐकतोय. त्याच्या आधीच्या फोटोत तो पूर्ण होता, आणि तो मी उडवलेला होता.