डिजिटल वस्तूच्या खरेदीत वाद झाला, तर या चुका टाळा

पेमेंट सुरक्षित झाले म्हणजे खरेदीही सुरक्षित झाली, असे मानणे ही पहिली चूक. ओटीपीमुळे पैसे तुमच्याच संमतीने गेले एवढेच सिद्ध होते. मिळालेली लायसन्स की (सॉफ्टवेअर किंवा गेम सुरू करण्यासाठी लागणारा अक्षरांचा कोड) चालते की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो.

याच गैरसमजातून सर्वांत महागात पडणारी चूक होते, ती म्हणजे तक्रारीचे चुकीचे कारण निवडणे. सॉफ्टवेअर चालत नाही म्हणून वैतागलेला ग्राहक, पैसे लवकर परत मिळतील या आशेने, बँकेच्या अर्जात ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ या पर्यायावर खूण करतो. ओटीपी टाकून पूर्ण झालेल्या व्यवहाराची नोंद बँकेकडे असतेच. त्यामुळे असा दावा बहुधा फेटाळला जातो आणि मूळची खरी तक्रारही संशयाच्या भोवऱ्यात सापडते. हे फार वाईट वाटते, कारण ग्राहकाची बाजू मुळात बरोबर असते. वस्तू मिळालीच नाही, मिळाली पण वर्णनाप्रमाणे नाही, आणि व्यवहार आपण केलाच नाही, या तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि प्रत्येकीला पुरावाही निराळा लागतो.

विक्रेत्याकडे डाउनलोडची वेळ आणि आयपी पत्ता यांची नोंद असू शकते. ग्राहकाच्या हाती मात्र अनेकदा काहीच नसते. म्हणून ‘ही की आधीच वापरलेली आहे’ असा संदेश दिसताच तो घाईने बंद करू नका. तो संदेश, कीची शेवटची चार अक्षरे आणि तारीख-वेळ एकत्र दिसतील असा स्क्रीनशॉट घ्या. उत्पादनाच्या वर्णनाचाही घ्या, कारण ते नंतर बदलले जाऊ शकते.

विक्रेत्याला लेखी न कळवता थेट चार्जबॅक (बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत घेणे) मागणेही टाळावे. काही प्लॅटफॉर्म अशा वेळी खातेच गोठवतात आणि आधी घेतलेल्या इतर वस्तूही अडकतात.

मुदतीकडे दुर्लक्ष करू नका. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावरील गेमचा रिफंड साधारणपणे खरेदीपासून 14 दिवसांत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळले असल्यासच मिळतो. पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेवर वाद नोंदवायला 180 दिवस असतात. मात्र तो नोंदवल्यावर 20 दिवसांत त्याचे दाव्यात रूपांतर केले नाही, म्हणजे पेपालला निर्णय द्यायला सांगितले नाही, तर तो आपोआप बंद होतो. ‘आधी तक्रार मागे घ्या, मग पैसे देतो’ असे विक्रेता कितीही गोड शब्दांत म्हणाला, तरी रक्कम जमा होईपर्यंत ती मागे घेऊ नका. पेपालवर बंद झालेला वाद पुन्हा उघडता येत नाही.