गॅलरीत जायच्या दिवशी स्टुडिओचं काम कसं आखाल?

जहांगीर आर्ट गॅलरी सकाळी ११ला उघडते. त्याआधीचे तीन-चार तास स्वतःच्या कॅनव्हासला द्या. आधी गॅलरी आणि मग काम, असं केलं की दुसऱ्याचे रंग डोळ्यांत घेऊनच आपण ब्रश उचलतो, आणि हातातलं चित्र भरकटतं.

निघताना पॅलेटवर उरलेल्या तैलरंगांवर प्लॅस्टिकची पातळ फिल्म घट्ट दाबून बसवा. तैलरंग पाणी उडून वाळत नाहीत, हवेतल्या ऑक्सिजनमुळे घट्ट होतात. हवा अडवली की संध्याकाळीही ते मऊ मिळतात. ब्रश मात्र लगेच धुवा. आणि चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा, हे विसरू नका.

गॅलरीत सगळी दालनं पालथी घालू नका. एकच चित्र निवडा. आधी लांबून, डोळे किलकिले करून गडद-उजळ भागांची मांडणी बघा आणि पेन्सिलने काडेपेटीएवढ्या चौकटीत उतरवा. मग अगदी बाजूला जाऊन तिरकं बघा: रंगाचा थर कुठे जाड, कुठे पुसलेला, ते उजेडात उठून दिसतं. फोटोत हे कधीच येत नाही, म्हणून मोबाइल खिशातच बरा. चित्रकार तिथे असेल तर पहिला थर कोणत्या रंगाचा दिला, एवढं जरूर विचारा. बहुतेक जण मनापासून सांगतात.

जवळच्या एनजीएमएत, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्येही जायचं असेल तर सोमवार टाळा, तेव्हा ती बंद असते.

परतल्यावर आपलं चित्र सरळ करा आणि आधी आरशात बघा. चुकलेली जागा तिथे लगेच सापडते.