डोळ्याच्या दुखापतीचे अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारल्यास माजी सैनिकाने अपील कसे करावे

नामंजुरीचे पत्र हाती आल्यावर प्रथम त्यातील कारणाचे वाक्य वाचावे, कारण अपील सहानुभूतीवर नव्हे, तर त्या एका वाक्याला कागदांनिशी दिलेल्या उत्तरावर टिकते. बहुधा कारण दोहोंपैकी एक असते: दुखापत लष्करी सेवेमुळे झालेली किंवा वाढलेली नाही, अथवा अपंगत्व 20 टक्क्यांपेक्षा कमी आहे. पहिल्या अपिलाला सहा महिन्यांची मुदत असल्याने पत्राची तारीख लगेच नोंदवून ठेवावी.

त्यानंतर मेडिकल बोर्डाची कार्यवाही, इंज्युरी रिपोर्ट, चौकशी झाली असल्यास तिचा अहवाल, लष्करी रुग्णालयातील कागद आणि भरतीवेळची तपासणी जमवावी. हे कागद ज्याच्याकडे असतात ते रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे रेजिमेंटच्या सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणारे कार्यालय, दूर असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, तर महार रेजिमेंटचे सागरला. म्हणून जळगाव-धुळ्याहून फेऱ्या मारण्यापेक्षा माहिती अधिकाराचा 10 रुपये शुल्काचा अर्ज टपालाने पाठवणे शहाणपणाचे ठरते. भरतीवेळच्या तपासणीला विशेष महत्त्व आहे, कारण धरमवीर सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये असे म्हटले की, भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे धरावे. मात्र 21 सप्टेंबर 2023 पासून नवे पात्रता नियम आले आहेत, तेव्हा आपल्याला कोणते लागू होतात ते आधी तपासावे.

खरी कसोटी नेत्रतज्ज्ञाच्या अहवालात असते. मोतीबिंदू वयामुळे झाला, असे बोर्डाचे मत असेल, तर तो केवळ मार लागलेल्या डोळ्यात आहे आणि दुसरा डोळा स्वच्छ आहे, ही गोष्ट तज्ज्ञाने स्पष्ट लिहिली पाहिजे. डोळ्याला बसलेल्या जबर मारानंतर काचबिंदू कित्येक वर्षांनीही उद्भवू शकतो. त्यामुळे केवळ दृष्टीचा तक्ता पुरत नाही, डोळ्यातील दाब, दृष्टिक्षेत्र आणि पडद्याची तपासणीही जोडावी. रजेवर गावी आल्यावर पऱ्हाटी उपटताना काडी लागली असेल, तर तो अपघात सेवेशी जोडता येणे कठीण असते, आणि कोणी काही सुचवले तरी घटनास्थळ बदलून लिहू नये. जुना रुग्णालयीन कागद ते उघडे पाडतो.

अपील रेकॉर्ड ऑफिसकडे स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. मसुद्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घेता येते. पहिले अपील फेटाळल्यास दुसरे, आणि तेही फेटाळल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज, असा क्रम आहे. उशिरा दाद मागणाऱ्यास थकबाकी सामान्यतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

न्यायाधिकरणाकडील अर्जात टक्केवारी पूर्णांकित करण्याची, म्हणजे वरच्या ठराविक टप्प्याला नेण्याची मागणीही नमूद करावी, कारण राम अवतार प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 मधील निकालानुसार सेवाकाल पूर्ण करून निवृत्त झालेल्यांचेही 20 टक्क्यांचे अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी 50 टक्के धरले जाते.