अमेरिकेत सिटी बस लिलावात कशी घ्यावी

आमच्या ढोल-ताशा पथकाकडे चाळीसेक ढोल आहेत. गणपतीत ते न्यायला दरवर्षी भाड्याचा ट्रक आणि त्यामागे सात-आठ गाड्या, असा लवाजमा निघायचा. शेवटी आम्ही एका परिवहन विभागाने सेवेतून काढलेली चाळीस फुटी बस लिलावात घेतली. तेव्हापासून इतर शहरांतली मराठी मंडळी फोन करून विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी हे समजून घ्या की चालती बस विकायला का निघते. इथे सिटी बसच्या खरेदीत केंद्र सरकारचा मोठा वाटा असतो, बऱ्याचदा किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत. त्या पैशातून घेतलेली मोठी बस किमान 12 वर्षं किंवा 5 लाख मैल वापरावी लागते. ती अट पुरी झाली की नव्या बसची सोय होते आणि जुनी डेपोच्या कडेला जाऊन उभी राहते. त्यातल्या काही आदल्या आठवड्यापर्यंत रोज धावत असतात. काही मात्र इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं म्हणूनच बाजूला काढलेल्या असतात. कुठली कशातली, हे ओळखण्यातच आपली सगळी मेहनत आहे.

बोली लावायच्या आधी चार गोष्टी पक्क्या करा: जागा, विमा, लायसन्स आणि वाहतूक. बस दोन-पाच हजार डॉलरमध्ये सुटते आणि माणूस हुरळतो. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे इथे तंतोतंत खरं आहे. चाळीस फुटी बस घराच्या ड्राइव्हवेवर उभी करू देणाऱ्या वसाहती फार थोड्या. विमा कंपन्या तर ‘सिटी बस’ म्हटल्यावर फोनच ठेवतात, त्यामुळे विम्याचा आकडा हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. 26,000 पौंडांवरच्या गाडीला सहसा व्यावसायिक लायसन्स लागतं, आणि ड्रायव्हर धरून 16 किंवा जास्त माणसांची सोय असेल तर प्रवासी वाहतुकीची वेगळी परवानगी. खासगी वापराला काही राज्यं सूट देतात, काही देत नाहीत. आपल्या राज्याच्या मोटार वाहन खात्याकडून उत्तर लेखी घ्या. कॅलिफोर्नियात जुन्या डिझेल इंजिनांचे नियम फार कडक आहेत, तिथल्यांनी हे सर्वांत आधी तपासावं.

गव्हडील्स, पब्लिक सरप्लस, म्युनिसिबिड या साइट्सवर असे लिलाव चालतात. पहिल्यांदा घेणाऱ्याने साधी डिझेल बसच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. सीएनजी बसच्या टाक्यांना मुदत असते, ती टाकीवरच्या लेबलवर छापलेली असते. मुदत संपलेल्या टाक्या बदलायच्या म्हटलं तर बसच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो. हायब्रिडच्या बॅटरीचंही तेच.

जाहिरातीत ‘टायटल’ (गाडीच्या मालकीचा सरकारी कागद) मिळणार की नुसती विक्रीची पावती, हे शोधा. टायटल नसेल तर पासिंग विसरा. आणि टायरांबद्दल विचारा. पुष्कळ परिवहन विभागांचे टायर भाड्याचे असतात, मैलाप्रमाणे पैसे देऊन घेतलेले. बस निघाली की ते काढून घेतात आणि झिजलेले टायर चढवतात. टायर कधी बनला ते त्यावरच्या चार आकड्यांवरून कळतं: 3217 म्हणजे 2017 सालचा 32वा आठवडा.

बस प्रत्यक्ष बघितल्याशिवाय बोली लावू नका. डेपोत आधी फोन करून सांगा, ‘मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका.’ गेल्यावर मागचं झाकण उघडून इंजिनाजवळ हात न्या. ऊब लागली तर आधीच चालू करून ठेवलंय असं समजा, आणि कारण विचारा. थंड इंजिन किती वेळात पेटतं आणि धूर कसला येतो, त्यातून पुष्कळ कळतं.

मग हवेचे ब्रेक. इंजिनाचा वेग थोडा वाढवून ठेवा आणि काट्याकडे बघा. 85 वरून 100 पीएसआयपर्यंत (हे हवेच्या दाबाचं माप) हवा 45 सेकंदांत भरली पाहिजे. चाकांना ठोकळे लावून, इंजिन बंद करून पार्किंग ब्रेक सोडला तर मिनिटाला 2 पीएसआयपेक्षा जास्त हवा उतरता कामा नये, पेडल दाबून धरल्यावर 3 पीएसआय.

गंज सगळ्यात फसवा. हवा उतरली की एअर सस्पेन्शनची, म्हणजे हवेच्या फुग्यांवर तोललेली बस खाली बसते, म्हणून आधार लावल्याशिवाय तिच्याखाली कधीही शिरू नका. टॉर्च आणि लहान हातोडी घेऊन चाकाच्या पोकळीतूनच बघा. आम्ही पाहिलेली पहिली बस आतून चकचकीत होती. मागच्या ॲक्सलच्या वर हलकेच हातोडी मारली, तर ठण् आवाज यायच्या ऐवजी तळहाताएवढा तपकिरी पापुद्रा सुटून पायाशी पडला. तिथूनच परतलो. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतली बस असेल तर हे आधी बघा, इंजिन नंतर.

शेवटच्या दोन वर्षांच्या देखभालीच्या नोंदी मागा, सरकारी गाडी असल्याने त्या असतातच. मैल मात्र डॅशबोर्डवर शोधू नका. बऱ्याच बसना मागच्या चाकाच्या मध्यावर छोटं गोल मीटर असतं, तिथे वाचा.

बोली लावताना कमाल आकडा कागदावर लिहा. त्यात साइटचं कमिशन आणि विक्रीकर धरा. शेवटच्या मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ वाढते, त्या भरात पुष्कळांचा हात सुटतो. जिंकल्यावर पैसे भरायला आणि बस हलवायला मोजकेच दिवस मिळतात. ओढून न्यायची असेल तर मागचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) सोडवायला लावा, नाहीतर इंजिन बंद असताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल न मिळून तो जळतो.

(लाल परी अशी घेता येईल का, असंही विचारतात. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नव्याने होत नाही, त्या भंगारातच जातात.)

बस घ्यायला गेलात की एक लक्षात ठेवा. आमची बस सुरू झाली, हवा भरली, गिअर पडला, पण जागची हलेना. ॲक्सिलरेटर दाबला तरी इंजिन ढिम्म. तासभर सगळे बॅटरीच्या तारा तपासत बसलो. डॅशबोर्डवर मागच्या दाराचा छोटा दिवा लागलेला होता, तो कुणी पाहिलाच नव्हता. मागचं दार बोटभर जरी उघडं राहिलं तरी ब्रेक लागलेले राहतात आणि इंजिनाचा वेग वाढत नाही, प्रवाशांच्या सुरक्षेसाठी. मागे जाऊन दार खांद्याने रेटून लावलं. दिवा विझला, ब्रेकची हवा फुस्सकन सुटली आणि बस निघाली.