कामाच्या जागी सोयीसुविधा मागाव्यात कशा

कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याला स्वच्छतागृह, कँटीन वा पाळणाघर हवे असेल, तर अर्ज लिहिण्याआधी त्याने आपल्या कारखान्यात किती माणसे कामाला आहेत हे नीट मोजावे. मालकाने कोणती सोय द्यावी हे कायदा बऱ्याच अंशी डोकी मोजून ठरवतो, त्यामुळे या आकड्यावाचून केलेली मागणी टिकत नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यानुसार दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृहे हवीतच. शंभर कामगार झाले की कँटीन, आणि पन्नासांहून अधिक असतील तर कारखान्यात विश्रांतीची जागा व सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर. कँटीनच्या शंभरात ठेकेदाराची माणसेही धरायची असतात, हे विसरू नये. मालकाच्या हजेरीपत्रकावर साठ आणि ठेकेदाराच्या वहीत पंचेचाळीस असतील, तर कँटीन देणे बंधनकारक होते. म्हणून दोन्ही नोंदी पाहाव्यात आणि तिन्ही पाळ्यांची माणसे एकत्र धरावीत.

पाळणाघराची मोजणी तर मुळातूनच बदलली आहे. जुन्या कायद्यात तिसांहून अधिक महिला कामगार असतील तरच ते द्यावे लागे, त्यामुळे एकतिसावी बाई कामावर घेताना मालकाने हात आखडता घ्यावा, अशी सोय कायद्यानेच करून ठेवली होती. आता पुरुषही मोजले जातात, तेव्हा ‘आमच्याकडे बायका कमी आहेत’ हे उत्तर मान्य करू नये.

सरकारने सक्ती करूच नये, चांगला मालक आपणहून देतो, असे सांगणारे भेटतील. त्यांच्या बाजूचा दाखला याच सांगली जिल्ह्यात आहे: लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी केली. पण तसा मालक मिळणे हा कामगाराच्या नशिबाचा भाग झाला, आणि तहान किंवा लघवीची निकड नशिबावर सोडता येत नाही. शिवाय सोयींवर खर्च करणाऱ्या मालकाला तो न करणाऱ्या शेजाऱ्याशी दरात स्पर्धा करावी लागते. सक्ती सर्वांना सारखी असेल तर त्याचाही तोटा टळतो. कँटीनबाबत मतभेद समजू शकतो, पाण्याबाबत नाही.

मागणी लेखी करावी आणि एका अर्जात एकच सोय मागावी, कारण चार मागण्या एकत्र केल्या की त्यातली सर्वांत स्वस्त तेवढी मान्य होऊन बाकीच्या मागे पडतात. अर्जात कामगारसंख्या, सध्याची स्थिती आणि अपेक्षित मुदत लिहावी, शक्य तितक्यांच्या सह्या घ्याव्यात आणि पोहोच जपून ठेवावी. वीस किंवा अधिक कामगार असतील तर मालक व कामगार यांचे समसमान प्रतिनिधी असलेली तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. अर्जाची प्रत तिलाही द्यावी. तरीही दाद लागली नाही, तर कारखान्याबाबत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आणि दुकान वा इतर आस्थापनेबाबत कामगार आयुक्तालयाच्या जिल्हा कार्यालयाकडे तक्रार करावी. नाव गुप्त ठेवण्याची विनंती तक्रारीतच करावी.

विट्याच्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये सहा-सात माणसेच असतील, तर ही संहिता तिथवर पोहोचत नाही, आणि माझ्या मते तिची मोठी उणीव हीच आहे. निदान पाणी आणि स्वच्छतागृह यांना संख्येची अट नसावी. तोवर अशा कामगारांनी एकेका मालकाकडे न जाता एका गल्लीतल्या सर्व शेडमालकांकडे मिळून एक सामाईक स्वच्छतागृह मागावे. अनेक आस्थापनांनी एकत्र येऊन सामाईक पाळणाघर चालवण्याची मुभा संहितेतच आहे, तिचा दाखला अर्जात द्यावा; आणि जागेचा प्रश्न निघाला तर नगरपरिषदेलाही त्याच अर्जाची प्रत पाठवावी.