नव्वद मागितले, पंचवीसही मिळाले नाहीत: लाटेकमधल्या अक्षराच्या आकाराबद्दल

लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पहिला प्रबंध किंवा पहिलं पोस्टर करायला बसलेल्यांसाठी हे लिहितेय. प्रीअँबल म्हणजे काय, पॅकेज कसं घालायचं, पीडीएफ कशी काढायची हे तुम्हाला येतं असं धरून चालते. ते सांगणाऱ्या चांगल्या पुस्तिका भरपूर आहेत. मला एकाच जागेबद्दल बोलायचंय, जिथे माझे तीन दिवस, एक रात्र आणि एका मोठ्या कागदाची छपाई वाया गेली.

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात आलेख सिद्धांतावरचं पोस्टर करायचं होतं. आकार ए-१, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर. शीर्षक इंग्रजीत, दोन ओळींचं. लांबून वाचता यावं म्हणून मी ते ९० पॉइंटात (पॉइंट म्हणजे इंचाचा साधारण ७२ वा भाग) मागितलं आणि ओळींमधलं अंतर १०८ ठेवलं. फॉन्टसाइझ ही आज्ञा, कंसात दोन आकडे, पुढे सिलेक्टफॉन्ट. सगळं नियमाप्रमाणे. पीडीएफ निघाली, कुठे लाल खूण नाही. फक्त शीर्षकाच्या दोन ओळी एकमेकींपासून फार लांब पडल्या होत्या.

इथेच मी चुकले. डोळ्याला खुपत होतं ते अंतर, म्हणून मी अंतराच्या मागे लागले. फोंड्यात त्या रात्री पाऊस आणि विजेचा लपंडाव चालू होता, लॅपटॉपची बॅटरी सांभाळत दोन वाजेपर्यंत बसले. ओळींचा ताण कमी करून पाहिला, मोकळी जागा ऋण करून पाहिली, वर्गात पुढच्या बाकावर बसणाऱ्या एका हुशार मुलाचा टेम्पलेट आणून त्यातल्या ओळी चिकटवल्या. फट थोडी कमी झाली आणि मी तेवढ्यावर समाधान मानलं. सकाळी कदंबाच्या बसने पणजीला गेले आणि १८ जून रस्त्याजवळच्या एका दुकानात छापून घेतलं.

कागद उलगडला तेव्हा पोटात गोळा आला. एवढ्या मोठ्या कागदावर शीर्षकाचं कॅपिटल अक्षर जेमतेम ६ मिलिमीटर उंच. नव्वद पॉइंटाला ते साडेएकवीसच्या आसपास यायला हवं होतं. स्क्रीनवर हे दिसलं नाही, कारण तिथे अख्खं पान खिडकीत मावेल इतकं लहान करून दाखवलं जातं. तिथे सगळंच लहान दिसतं.

घरी मामा आले होते. त्यांनी म्हापशाच्या एका छापखान्यात कितीतरी वर्षं जुळारी म्हणून खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवले. संगणकाचं त्यांना काही येत नाही. त्यांनी कागद खाटेवर पसरला, चष्मा कपाळावर सारला आणि शीर्षकावर बोट ठेवलं.

“अक्षर चोवीसचं आहे गो. आणि मध्ये शिशाच्या पट्ट्या मात्र नव्वदच्या अक्षराला घालतात तशा घातल्यास.”

“मामा, मी नव्वदच मागितलं होतं.”

“मागशील. पेटीत तो खिळा नसला तर जुळारी काय करील? जवळचा घालील. पण पट्ट्या तर आहेतच त्याच्याकडे, त्या तू सांगितल्या तेवढ्या घालील.”

लाटेकने नेमकं हेच केलं होतं. मी दोन आकडे दिले होते. दुसरा, म्हणजे ओळींचं अंतर, त्याने तंतोतंत पाळला. पहिला पाळता येत नव्हता, म्हणून हाताशी असलेला सर्वांत जवळचा आकार घेतला, २४.८८. मग ६० मागा, ९० मागा, १५० मागा, अक्षर जागचं हलत नाही, फक्त ओळी एकमेकींपासून दूर सरकतात. हे लक्षण पाठ करून ठेवा. अक्षर लहान आणि ओळी विरळ दिसल्या, की अंतराला हात लावू नका. आधी अक्षराचा आकार मिळालाय का ते बघा.

आणि ते बघायची जागा म्हणजे लॉग, पीडीएफ काढताना लाटेक लिहून ठेवतं ती नोंदींची फाइल. माझ्या लॉगमध्ये सगळं पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं: अमुक ओळीवर ९० हा आकार उपलब्ध नाही, त्याजागी २४.८८ घेतला. शेवटी आणखी एक ओळ होती, की ६५.१२ पॉइंटपर्यंतच्या फरकाने आकार बदलले गेले आहेत. नव्वदमधून २४.८८ वजा करा, ६५.१२ येतात. माझं हरवलेलं शीर्षक तिथे दोन दशांश स्थळांपर्यंत नोंदलेलं होतं आणि मी तो लॉग उघडलाच नव्हता. ही चूक नसते, नुसता इशारा असतो, म्हणून काम थांबत नाही, पीडीएफ मिळते आणि आपण पुढे जातो.

आता हा २४.८८ आला कुठून, तेही समजून घ्या, म्हणजे उपाय पाठ करावा लागणार नाही. डोनाल्ड नूथ यांनी टेकसोबत (लाटेक ज्यावर उभं आहे ते) कॉम्प्युटर मॉडर्न ही अक्षरमाला मेटाफॉन्टमध्ये, म्हणजे अक्षरं रेखायच्या आपल्याच प्रणालीत, केली. त्यातला साधा रोमन ५, ६, ७, ८, ९, १०, १२ आणि १७ पॉइंटांना वेगवेगळा रेखलेला आहे. पाचचं अक्षर दहाच्या अक्षराची लहान प्रत नव्हे; ते जरा रुंद आणि जाड आहे, म्हणजे तळटीपेतही वाचता येतं. तेव्हा प्रत्येक आकारासाठी प्रिंटरच्या घनतेप्रमाणे ठिपक्यांची वेगळी फाइल बनवावी लागे, आणि डिस्कवर जागा फार नसे. म्हणून लाटेकने मोजकेच आकार मान्य केले. १० ला १.२ ने गुणत जा: १२, १४.४, १७.२८, २०.७४, २४.८८. मध्ये १०.९५ आहे, तो १० गुणिले १.२ चं वर्गमूळ. २४.८८ ला यादी संपते.

पुढे याच अक्षरांच्या बाह्यरेषा असलेल्या टाइप-१ फाइली आल्या आणि १९९७ पासून त्या सर्वांना मोफत मिळू लागल्या. बाह्यरेषा म्हणजे वक्रांची गणितं. ती हव्या त्या आकाराला ताणता येतात. तुमच्या संगणकावर आज त्याच आहेत. पण कोणता आकार मागता येईल हे सांगणारी यादी लाटेकने तशीच ठेवली, कारण ती बदलली असती तर जुन्या दस्तऐवजांची पानं हलली असती. म्हणजे खिळा पेटीत आहे, पण पेटीवरची चिठ्ठी जुनी आहे. मला हे कळलं तेव्हा राग आला होता. आता वाटतं, पंचवीस वर्षांपूर्वीचा प्रबंध आजही जसाच्या तसा उघडतो तो याच हट्टामुळे.

उपाय एका ओळीचा. फिक्स-सीएम हे पॅकेज घ्या, आणि ते डॉक्युमेंटक्लासच्या आधी, रिक्वायरपॅकेज या आज्ञेने घ्या. बस. चिठ्ठी बदलली, नव्वद म्हणजे नव्वद. किंवा लॅटिन मॉडर्न ही अक्षरमाला घ्या, तिला कुठलाही आकार चालतो. टी-१ एन्कोडिंग (अक्षरांच्या क्रमांकांची एक मांडणी; वरच्या टाइप-१ फाइलींशी तिचा संबंध नाही) लावणाऱ्यांनी तर ती घ्यावीच. नुसतं टी-१ लावलं तर यादी ३५.८३ पर्यंत लांबते आणि तिथे थांबते. शिवाय सीएम-सुपर हा बाह्यरेषांच्या फाइलींचा संच बसवलेला नसेल तर पीडीएफमध्ये ठिपक्यांची अक्षरं शिरतात आणि मोठं करून पाहिलं की कडा करवतीसारख्या दिसतात.

गणित असेल तर एक्सस्केल हे पॅकेजही घाला. बेरजेचं चिन्ह (सिग्मा), संकलनाचं (इंटिग्रलचं) चिन्ह, मोठे कंस हे मूळ व्यवस्थेत १० पॉइंटांनाच बांधलेले असतात. अक्षरं वाढतात आणि सिग्मा तिथेच राहतो.

आणखी एक छोटी गोष्ट. ओळींचं अंतर परिच्छेद संपतो त्या क्षणी ठरतं. महिरपी कंसात मोठं अक्षर लिहून परिच्छेद संपण्याआधीच कंस बंद केला, तर अक्षर मोठं आणि अंतर जुनं, ओळी एकमेकींवर चढतात. कंस मिटण्याआधी परिच्छेद संपवा.

आता आडवाटांबद्दल. कुणीतरी सांगेलच, की स्केलबॉक्सने ओढून मोठं कर. करू नका. त्या चौकटीतला मजकूर दुसऱ्या ओळीवर उतरत नाही, आणि दहाचं अक्षर नव्वदला ओढलं की जाडजूड दिसतं. शीर्षकाला सतराचं रेखाटन हवं, त्याच्या रेषा नाजूक आहेत. इशारे लपवणारी पॅकेजेस तर घेऊच नका. आणि हुशार मुलांचे टेम्पलेट. मला माहितीय, सगळे घेतात. मीही घेतला. त्यात बावीस पॅकेजेस होती आणि त्यातली निम्मी कशासाठी आहेत हे देणाऱ्यालाही सांगता आलं नाही. माझ्या मते चांगला मार्गदर्शक तोच, जो फाइल पाठवण्याआधी विचारतो, “लॉगमध्ये काय लिहिलंय?” असा एक जरी माणूस मिळाला तरी त्याला सोडू नका.

घाबरून जाऊ नका मात्र. यात बुद्धीची कमतरता नाही. माझ्याबरोबरच्या, गणितात माझ्यापेक्षा सरस असलेल्या दोघी याच खड्ड्यात पडल्या होत्या.

मराठीत काम करणार असाल तर झीलाटेक (लाटेकचाच एक प्रकार) आणि त्यातलं फॉन्ट निवडायचं फॉन्टस्पेक हे पॅकेज घ्या. तिथे युनिकोडचे ओपनटाइप फॉन्ट थेट वापरता येतात आणि आकाराची यादीच नसते. ३७ मागा, ११२ मागा, मिळतं. पण तिथला खड्डा वेगळा आहे. फॉन्ट जाहीर करताना स्क्रिप्ट म्हणून देवनागरी सांगितलं नाही, तर ‘किती’मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहतात. त्याला जोडून लँग्वेज म्हणून मराठी सांगा. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श आहेत, त्यांत ते मग आपोआप येतात. शोभिका, नोटो सेरिफ देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे मी आलटून पालटून वापरते. ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ छापून त्यांतला ‘ऱ्य’ नीट उमटतो का ते बघितल्याशिवाय कुठलाही फॉन्ट कामाला घेत नाही.

देवनागरीला इंग्रजीचं १.२ पट अंतर पुरत नाही. वर रफार नि मात्रा, खाली उकार आणि ट्ट, ड्ढ यांचे मजले. मी १२ पॉइंटाला १७ किंवा १८ देते. इंग्रजी आणि मराठी एकाच ओळीत असेल तर दोन्हींना सारखा पॉइंट देऊन भागत नाही. फॉन्टस्पेकचं आपोआप मापं जुळवणं रोमन लहान किंवा कॅपिटल अक्षरांच्या उंचीवर चालतं, देवनागरीला ती कल्पनाच लागू नाही. १.०५, १.१ असे मापाचे गुणक घालून, छापून, डोळ्यांनीच ठरवा.

आपल्या गोव्यात १५५६ साली भारतातला पहिला छापखाना उभा राहिला. साठ वर्षांनी राशोलला फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं तेव्हा मजकूर मराठी होता, पण लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. मी जत्रेच्या नाटकाचं हस्तपत्रक लावायला घेते, नाटकाचं नाव ७२ पॉइंटात टाकते आणि ते तेवढंच उमटतं, तेव्हा मला दर वेळी हे आठवतं.

छापायला देण्याआधी माझा क्रम असा. लॉगमध्ये आकारबदलाची ओळ शोधते. मग पोस्टरचा शीर्षकाचा तेवढाच तुकडा ए-४ कागदावर मूळ मापात छापते. प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात बसवा’ला खूण असेल तर ती काढते, नाहीतर मोजण्याला अर्थ उरत नाही. आणि पट्टी लावते. टेकचा पॉइंट म्हणजे इंचाचा ७२.२७ वा भाग, वर्डसारख्या ठिकाणी तो ७२ वा असतो, त्यामुळे दुकानदाराच्या मोजणीत केसभर फरक येईल, तो सोडून द्या. मामांनी दिलेली पितळेची पट्टी मी यासाठीच वापरते. तिच्यावर एका कडेला इंच आहेत आणि दुसऱ्या कडेला पॉइंट.